प्रेशर वॉशरचं व्यावसायिक काम: जीव सांभाळून कसं करायचं?

घाटमाथा
पुणे-पिंपरी भागात सोसायट्यांची आणि छोट्या कारखान्यांची धुलाई करणाऱ्या टोळ्या हल्ली खूप वाढल्या आहेत. बेसमेंट पार्किंग, पोडियम (बेसमेंटवरचं मोकळं फरशीचं छत), कंपाउंड वॉल, पत्र्याच्या शेड, पाण्याच्या टाक्या, सोलर पॅनेल, मिळेल ते काम घेतलं जातं. मशीन विकणारा दुकानदार दाब आणि लिटर सांगतो, पण कशाने माणूस मरतो ते सांगत नाही. त्यासाठी हा धागा.

चर्चेला धरून राहील असं एक नेहमीचं काम समोर ठेवतो. दोन मजली बेसमेंट, वर पोडियम, कडेला शेवाळलेली भिंत. एक थ्री फेज मशीन, २०० बार (बार हे दाबाचं माप, एक बार साधारण हवेच्या दाबाएवढा), मिनिटाला १५ लिटर. जिथे लाइट मिळत नाही तिथे तेवढ्याच पाण्याचं पेट्रोल इंजिनवालं दुसरं. चार माणसं आणि एक मुकादम.

आधी एक आकडा लक्षात घ्या. २०० बारला नोजलमधून निघणारं पाणी सेकंदाला साधारण २०० मीटर वेगाने सुटतं, म्हणजे ताशी ७२० किलोमीटर. काम सुरू करण्याआधी काय काय पक्कं करायचं, ते ज्याला ज्यातलं कळतं त्याने लिहावं.

शल्यकक्ष
माझा विषय हाताच्या जखमा, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. या धंद्यात सगळ्यांत जास्त फसवणारी इजा म्हणजे जेट कातडीच्या आत शिरणं.

साधारण ७ बारच्या पुढचा बारीक जेट कातडी भेदू शकतो. तुमचं मशीन २०० बारचं आहे. बाहेरून दिसतं ते एक-दोन मिलिमीटरचं भोक. रक्त जेमतेम येतं, कधी येतही नाही. सुरुवातीला बोट बधिर होतं, त्यामुळे दुखतही नाही. माणूस हळद दाबतो, चिंधी गुंडाळतो आणि पुन्हा गन उचलतो. आत मात्र पाणी कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) म्यानातून तळव्यापर्यंत, कधी मनगटापर्यंत गेलेलं असतं आणि सोबत ग्रीस, साबण, गटारातली घाणही नेलेली असते. काही तासांत सूज चढते, आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो. अशी बोटं कापावी लागतात ती उशिरामुळे.

म्हणून नियम असा: गनचं पाणी कातडीत शिरलं किंवा शिरल्याचा नुसता संशय आला, तरी ती शस्त्रक्रियेची तातडीची केस समजायची. "संध्याकाळपर्यंत बघू" हे चालणार नाही. पहिले सहा तास फार मोलाचे.

वाटेत काय करायचं: हात छातीच्या वर धरायचा. अंगठी, कडं, घड्याळ ताबडतोब काढायचं, नंतर निघत नाही. जखमेवर स्वच्छ कोरडं कापड सैल ठेवायचं. घट्ट पट्टी किंवा दोरी बांधायची नाही, बर्फात हात बुडवायचा नाही, पिळून पाणी काढायला जायचं नाही. खायला-प्यायला द्यायचं नाही, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता मोठी असते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन परत येणं म्हणजे उपचार नव्हे. हाताची किंवा प्लास्टिक सर्जरी जिथे होते तिथेच न्या. ते रुग्णालय कोणतं, हे काम सुरू होण्याआधी मुकादमाला ठाऊक हवं. अँब्युलन्सचा नंबर १०८.

डोळ्याला जेट लागला तर चोळायचं नाही, दाबायचं नाही. कागदी कपाचा तळ डोळ्यावर टेकणार नाही असा धरून चिकटपट्टीने लावा आणि न्या. फक्त रसायन उडालं असेल तर मात्र जागेवरच नळाच्या हलक्या धारेखाली किमान १५-२० मिनिटं डोळा धुवा.

खडकवासला_२
डॉक्टर, मग जाड रबरी हातमोजे आणि गमबूट दिले की हा धोका टळेल ना? सगळे तेच देतात.

जेटफिटर
नाही टळणार. साधा रबरी हातमोजा २०० बारच्या जवळून आलेल्या जेटला थोपवत नाही. पीव्हीसी गमबूटही नाही. मोजा हवाच, पण तो रसायनासाठी आणि पकडीसाठी. गमबूट घसरण्यापासून आणि पाण्यापासून वाचवतो, तोही खाच शिल्लक असलेल्या तळव्याचा आणि आत पोलादी टोपी असलेला. वॉटरजेटसाठी खास चाचणी केलेले बूट आणि पायाचे गार्ड मिळतात, महाग असतात. गटार जेटिंग किंवा ५०० बारच्या पुढचं काम असेल तर ते घेतलेच पाहिजेत. आपल्या कामात जेट अंगावर येणारच नाही अशी व्यवस्था गनपासून करावी लागते.

ट्रिगर: सोडला की पाणी बंद झालंच पाहिजे. ट्रिगरला झिप टाय, सुतळी किंवा तार गुंडाळून तो कायम दाबून ठेवायची सवय या धंद्यात फार पसरली आहे. बोटं दुखतात म्हणून करतात. अशी गन हातातून सुटली की लान्स (गनपुढची लांब नळी) जमिनीवर सापासारखी फिरते आणि कोणाच्या पोटरीला लागेल ते सांगता येत नाही. बोटं दुखत असतील तर हलक्या ट्रिगरची गन घ्या, माणूस दर २०-३० मिनिटांनी बदला. आणि थांबताना ट्रिगरमागचा लॉक लावायचा, एका मिनिटासाठी थांबलात तरी.

अडकलेला दाब: मशीन बंद केलं म्हणजे दाब गेला असं नाही. पंपाच्या वाल्वपासून गनपर्यंतच्या होसमध्ये तो तसाच राहतो. क्रम पाठ करा. मोटर बंद, पाण्याचा नळ बंद, गन सुरक्षित दिशेला धरून ट्रिगर दाबायचा, धार पडून थेंब थेंब होईपर्यंत. मग लॉक. मगच नोजल किंवा कपलिंगला हात. नोजल बदलताना होणाऱ्या इजा बहुतेक इथेच होतात.

नोजल: लाल शून्य अंश, पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४०, काळं साबणासाठी. सोसायटीच्या कामात लाल नोजल पेटीतच नको. शून्य अंशाची धार लांबपर्यंत जोर टिकवते, फॅन नोजलचा जोर अंतर वाढलं की झपाट्याने उतरतो. पोडियमच्या फरशीला हिरवं आणि रंगवलेल्या भिंतीला पांढरं पुरतं. क्विक कपलरमध्ये नोजल बसवल्यावर कॉलर पुढे आली ना बघायचं, हाताने ओढून बघायचं. अर्धवट बसलेलं नोजल ट्रिगर दाबताच गोळीसारखं सुटतं.

आता एक गोष्ट जी मेकॅनिकही नीट समजून घेत नाहीत. नोजलवर "२५०४५" असा आकडा असतो. पहिले दोन अंक कोनाचे, पुढचे भोकाच्या मापाचे. १५ लिटर आणि २०० बारला ०४५ माप जुळतं. ते झिजून ०५५ एवढं झालं की तेच १५ लिटर पाणी १४५ बारच्या आसपासच दाब देतं. ऑपरेटर म्हणतो "मशीनचा दम गेला" आणि अनलोडरची (ट्रिगर सोडल्यावर पाणी परत पंपाकडे वळवणाऱ्या वाल्वची) स्प्रिंग आवळत सुटतो. महिन्याभराने कोणीतरी नवं ०४५ नोजल लावतं. आता अनलोडर उघडायला तयार नाही, ट्रिगर सोडताच दाबाचा झटका सरळ होसवर आणि सीलवर जातो. होस फुटते ती अशी. म्हणून दाब कमी वाटला की आधी नोजल बदला, मग पाण्याचा फिल्टर आणि इनलेट बघा. अनलोडरला शेवटी हात लावायचा, तोही गेज लावून, आणि त्यावरचा शिक्का तोडायचा नाही.

होस: वर छापलेला कामाचा दाब मशीनच्या कमाल दाबापेक्षा जास्त हवा. बाहेरचं रबर जाऊन आतली तारेची जाळी दिसली, फुगा आला, कपलिंगजवळ मुडपली, तर ती होस संपली. पंक्चरवाल्याकडून पॅच, सायकलची ट्यूब, क्लिप, काहीही चालत नाही. गळती शोधायला होसवरून हात फिरवायचा नाही. पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून फिरवा, पुठ्ठा भिजेल तिथे गळती आहे. दोन होस जोडल्या असतील तर जोडावर व्हिप चेकची (जोड सुटला तरी होस उसळू न देणारी) तार लावा. गाडीचं चाक होसवरून जाऊ देऊ नका.

मुळामुठा
ट्रिगर सोडून मशीन चालूच ठेवलं तर? आमच्याकडे चहाच्या वेळी तसंच घरघरत असतं.

जेटफिटर
पाणी पंपातच गोल फिरत राहतं आणि तापतं. दोन-तीन मिनिटांच्या वर ठेवू नका. थर्मल वाल्व असेल तर साधारण ६० अंशांना उघडून गरम पाणी बाहेर टाकतो, त्याचं तोंड माणसाच्या पायाकडे नको. नसेल तर सील जातात आणि पुढच्या वेळी ट्रिगर दाबल्यावर पहिली धार चटका देणारी येते. चहाला जाताना बंद करा, दाब काढा.

वायरमन_तळेगाव
विजेबद्दल लिहितो. पाणी, ओली जमीन, लोखंडी मशीन आणि लांब वायर एकत्र आल्यावर चुकीला जागा उरत नाही.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की सप्लाय तोडणारा स्विच), आणि तो वायर जिथून निघते त्या टोकाला. मशीनजवळ लावला तर मधली पूर्ण वायर बिनसंरक्षण राहते. सोसायटीच्या मीटर रूममध्ये आरसीसीबी असतोच असं धरून चालू नका. बऱ्याच ठिकाणी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा असतो, तो आगीसाठी ठीक, माणसाला वाचवत नाही. पावसाळ्यात सारखा पडतो म्हणून तो बायपास केलेलाही सापडतो. त्यामुळे स्वतःचा डबा न्या: पाणी न शिरणारा बोर्ड, आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि योग्य एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्ट झाल्यास पडणारा स्विच). रोज काम सुरू करण्याआधी "टी" (टेस्ट) बटण दाबा. पडला नाही तर त्या बोर्डावर काम नाही.

थ्री फेज ५.५ किलोवॅटच्या मोटरला साधारण ११ अँपिअर लागतात. वायर किमान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, रबरी आवरणाची, अर्थच्या वेगळ्या कोअरसह. सिंगल फेज मशीन १६ अँपिअरच्या तीन पिनवर, अर्थ पिन शाबूत. सॉकेटमध्ये उघड्या तारा खोचून काडीपेटीची काडी दाबायची पद्धत आजही दिसते. असं जोडणाऱ्या माणसाला कामावरून बाजूला करा. जोड इंडस्ट्रियल प्लगचेच, आयपी ६७ (धूळ-पाणी न शिरणारे), आणि जमिनीपासून उचलून टांगलेले. रीळ पूर्ण उलगडायचं, गुंडाळलेलं रीळ लोडवर वितळतं.

धुताना दिव्यांचे फिटिंग, डीबी (विजेचा वाटप बोर्ड), लिफ्टचा खड्डा, ईव्ही चार्जर यांवर धार मारायची नाही. आजूबाजूला धुवायचं असेल तर आधी सप्लाय बंद करून त्याला कुलूप लावा आणि चावी मुकादमाच्या खिशात ठेवा.

खडकवासला_२
पण गमबूट घातले असतील तर शॉक लागत नाही असं ऐकलं आहे.

वायरमन_तळेगाव
बूट आतून भिजलेला असतो, बाहेरून चिखलाने. शिवाय एक हात गनवर आणि दुसरा ओल्या भिंतीला किंवा रेलिंगला टेकला की करंट छातीतून जातो, पायाची गरजच उरत नाही. आरसीसीबीलाही मर्यादा आहे. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर त्याला गळती दिसत नाही, तो पडत नाही.

जनरेटर वापरणाऱ्यांसाठी खास: छोट्या पेट्रोल जनरेटरमध्ये न्यूट्रल बऱ्याचदा फ्रेमला किंवा अर्थला जोडलेलाच नसतो. तशा जनरेटरवर आरसीसीबी लावला तरी पहिल्या फॉल्टला (वीज मशीनच्या लोखंडात उतरली तर) तो पडणार नाही, कारण करंटला परत यायची वाट नाही. टेस्ट बटण दाबल्यावर पडतो म्हणून लोक निर्धास्त होतात. ते बटण फेज-न्यूट्रलमधलं सर्किट तपासतं, अर्थची वाट तपासत नाही. जाणकार वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थची जोडणी करून घ्या आणि अर्थ टेस्टरने फॉल्ट देऊन बघा.

सोलर पॅनेल उन्हात असेपर्यंत जिवंत असतं, मेन स्विच पाडला तरी. स्ट्रिंगचा (ओळीने जोडलेल्या पॅनेलचा) विजेचा डीसी दाब शेकड्यांत, मोठ्या प्लांटवर १००० ते १५०० व्होल्टपर्यंत जातो आणि तुमच्या मशीनच्या आरसीसीबीचा त्याच्याशी काही संबंध नाही. काच तडकलेली, कनेक्टर सुटलेला दिसला तर त्या रांगेला पाणी लावू नका. प्रेशर वॉशर पॅनेलवर नकोच. साधं पाणी, मऊ ब्रश, पहाटेची वेळ. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते.

इंद्रायणी_काठ
पेट्रोल इंजिन बेसमेंटमध्ये न्यायचं नाही. एवढं एक वाक्य जरी सगळ्यांनी पाळलं तरी धाग्याचं सार्थक होईल.

इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला (सीओ) वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात. मेहनतीचा थकवा वाटतो म्हणून माणूस तिथेच टेकतो आणि उठत नाही. त्याला आणायला गेलेला दुसराही पडतो. अमेरिकेत १९९६ साली तिथल्या कामगार-आरोग्य संस्थेने इतर सरकारी विभागांसह छोट्या पेट्रोल इंजिनांबद्दल खास इशारा काढला होता, त्यात प्रेशर वॉशरचा नावाने उल्लेख आहे. दारं-खिडक्या उघडी असूनही आणि पंखे चालू असूनही विषबाधा होते, हे त्यात स्पष्ट आहे. त्याच संस्थेची मर्यादा पूर्ण पाळीला सरासरी ३५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग), कोणत्याही क्षणी २०० च्या वर नाही. १२०० पीपीएम जिवाला तत्काळ धोका मानतात. बेसमेंटमधल्या पार्किंगला "हवा खेळती आहे" म्हणणं म्हणजे अंदाज. मीटर घ्या, अंगावर लावायचा, अलार्म ३५ आणि २०० वर.

इंजिन बाहेर रॅम्पच्या वरच्या बाजूला, एग्झॉस्ट बेसमेंटच्या तोंडाकडे नाही, लिफ्टच्या शाफ्टजवळ नाही, तळमजल्याच्या खिडकीखाली नाही. होस लांब सोडा.

मुळामुठा
लांब होसने दाब पडतो, म्हणूनच पोरं इंजिन आत नेतात.

जेटफिटर
तो दाब पडतो बारीक होसमुळे. मिनिटाला १५ लिटर पाण्याला पाव इंची होस ४० मीटर लावली तर ४५ ते ५० बार होसमध्येच जातात. तेच तीन अष्टमांश इंची लावा, ६-७ बार जातात, ऑपरेटरला कळतही नाही. इंजिन आत नेण्याचं कारणच उरत नाही. तीन अष्टमांशच्या २०-२० मीटरच्या दोन लांब्या घ्या, जोडावर व्हिप चेक.

आणि पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, गार होऊ देऊन. गरम पाण्याच्या डिझेल बर्नरवाल्या मशीनला हाच नियम. त्याची होस आणि लान्स ८०-९० अंशांवर असतात, उघड्या मांडीला टेकली तरी भाजतं.

रसायन_सांगली
शेवाळ काढायला हायपो आणि डाग काढायला अ‍ॅसिड. दोन्ही एकाच टेंपोत, एकाच रंगाच्या कॅनमध्ये. सगळ्यांत मोठी चूक ही.

बाजारातलं हायपो साधारण १० ते १२ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असतं आणि अ‍ॅसिड ३० टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक. एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. कॅनमध्ये ओतूनच मिसळावं लागतं असं नाही. भिंतीला हायपो मारून नीट न धुता अ‍ॅसिड मारलं, किंवा साबणाच्या नळीत आधीचं उरलेलं राहिलं, तरी होतं. बेसमेंटमध्ये क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचतो. अमोनियावाल्या फ्लोअर क्लीनरसोबतही हायपो नको. एका जागेवर एका दिवशी रसायनांचं एकच कुटुंब ठेवा: अ‍ॅसिडचा दिवस वेगळा, हायपोचा वेगळा, मधे भरपूर पाण्याने धुलाई आणि इंजेक्टरची (रसायन ओढून घेणारी) नळी पाच मिनिटं साध्या पाण्यावर.

कॅनवर मार्करने नाव, टक्केवारी, तारीख. पाण्याच्या बाटलीत काहीही काढून ठेवायचं नाही, उन्हात तहानलेला माणूस बाटली तोंडाला लावतो. पातळ करताना आधी पाणी, मग त्यात अ‍ॅसिड. हायपो उन्हात ठेवलं की त्याचा जोर कमी होतो, झाकण फुगतं, म्हणून सावलीत.

रसायन काळ्या नोजलने, कमी दाबाने, खालून वर लावायचं. ५-१० मिनिटं, वाळू द्यायचं नाही. मग वरून खाली धुवायचं. २०० बारने रसायन मारलं तर त्याचं धुकं होतं आणि ते थेट फुप्फुसात जातं. एन-९५ मास्क वायूला अडवत नाही. आम्लवायू आणि क्लोरीनचं कार्ट्रिज लावलेला अर्धा मास्क लागतो, दाढीच्या खुंटांवर तो बसत नाही. बंद गॉगल आणि त्यावर फेसशील्ड. नुसत्या फेसशील्डच्या खालून धुकं वर येतं.

आता ज्याची मला सर्वांत काळजी वाटते ते. दगड, क्लॅडिंग आणि अ‍ॅल्युमिनियम चकचकीत करणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. सौम्य तीव्रतेचं लागलं तर लगेच जळजळतही नाही, काही तासांनी हाडापर्यंत जाणाऱ्या वेदना सुरू होतात. ते रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. माहितीपत्रक न देणाऱ्याकडून "स्टोन ब्राइटनर" घेऊच नका. पत्रकात फ्लोराइड शब्द दिसला तर जागेवर २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल असल्याशिवाय कॅन उघडायचा नाही. अंगावर पडलं तर कपडे काढून ताबडतोब पाणी, मग जेल, आणि छोटा डाग असला तरी रुग्णालय. माझं मत विचाराल तर सोसायटीच्या कामात या द्रवाची गरजच नाही.

शल्यकक्ष
याला पूर्ण दुजोरा. रुग्णासोबत कॅनचा किंवा लेबलचा फोटो पाठवा. "काहीतरी केमिकल" एवढ्यावर उपचार लांबतात.

पुरंदर_वारा
शेडचे सिमेंटचे पत्रे शेवाळाने काळे पडलेत, मालक म्हणतो वर चढून जेट मारा. कामाचा दर चांगला आहे.

घाटमाथा
राखाडी पन्हाळी पत्रे असतील तर ते अ‍ॅसबेस्टॉस सिमेंटचे असण्याची शक्यता मोठी, आपल्याकडे अजूनही ते विकले जातात. जेटने वरचा सिमेंटचा थर खरवडला जातो आणि तंतू मोकळे होतात. ओले असताना दिसत नाहीत, खाली वाहून गेलेला गाळ सुकला की त्याची धूळ उडते, टोळीच्या आणि कारखान्यातल्या लोकांच्या फुप्फुसात जाते. आजार दिसायला दशकं लागतात. ब्रिटनमध्ये अशा पत्र्यांवर उच्चदाबाचं पाणी मारायला मनाई आहे. दुसरं म्हणजे जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, बोल्टच्या रांगेवरून चाललं तरी. दर कितीही असो, नाही म्हणा. मालकाला पत्रे बदलण्याचा किंवा वरून सुरक्षित आच्छादनाचा पर्याय सांगा.

पुरंदर_वारा
समजलं, नाकारतो. मग कंपाउंडची साडेचार मीटर उंच भिंत शिडीवरून धुतली तर?

जेटफिटर
शिडीवरून गन चालवायचीच नाही. धक्क्याचा हिशोब सोपा आहे: लिटर प्रति मिनिट गुणिले बारचं वर्गमूळ गुणिले ०.२३५, उत्तर न्यूटनमध्ये. १५ लिटर आणि २०० बारला ५० न्यूटन, म्हणजे पाच किलोचा सतत रेटा. जमिनीवर तो फारसा जाणवत नाही. शिडीवर ट्रिगर दाबताच तो माणसाला मागे ढकलतो, सोडताच माणूस पुढे झुकतो. शिडीचे पाय साबणाच्या पाण्यात, एक हात गनवर.

साडेचार मीटरला जमिनीवरून लांब लान्स पुरते. त्याहून वर गेलं तर कठडा असलेलं, चाकं लॉक केलेलं मचाण, आणि हार्नेस आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा, मचाणाच्या पाइपला नव्हे तर पक्क्या आधाराला. टेलिस्कोपिक लान्स अ‍ॅल्युमिनियमची असते. वर ११ केव्हीची लाइन किंवा गल्लीतल्या उघड्या तारा असतील तर ती उभी करायच्या आधी वर बघा. वारा असेल तर लान्स झुलते, कामच थांबवा.

गटार जेटिंगला ६० लिटर आणि ३०० बार लावलं तर रेटा २४५ न्यूटन होतो, जवळपास २५ किलो. युरोपियन मानकात हाती गनला २५० ची कमाल मर्यादा आहे, १५० च्या वर खांद्याचा आधार लागतो. आपल्याकडे २० वर्षांच्या बारीक पोराच्या हातात ती गन देतात.

इंद्रायणी_काठ
गटार आणि टाकीचा विषय निघाला म्हणून. संरक्षक साधनं आणि खबरदारीशिवाय सेप्टिक टँक किंवा गटारात माणूस उतरवून सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, कॉन्ट्रॅक्टर आणि काम देणारा दोघांवरही. जेट बाहेर उभं राहून चालवायचा. होसच्या पुढच्या टोकापासून एक मीटरवर लाल पट्टी गुंडाळा, ओढताना पट्टी दिसली की पाणी बंद, म्हणजे नोजल चेंबरमधून बाहेर उसळून अंगावर येत नाही. मोठ्या पाइपात नोजलमागे पाइपच्या व्यासापेक्षा लांब सरळ कडक नळी लावा, नाहीतर नोजल आतच वळून परत येतं.

पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकीही निरुपद्रवी नाही. झाकण बंद असलेल्या टाकीत ऑक्सिजन कमी असू शकतो, त्यात हायपो मारलं की आणखी बिघडतं. चार वायूंचा मीटर दोरीने खाली सोडून तीन उंचींवर वाचन: ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली. ब्लोअर चालू, वर एक माणूस फक्त पाहायला, त्याच्या हातात हार्नेसची दोरी. आत २४ व्होल्टचा दिवा, २३० चा हँडलॅम्प नाही. पेट्रोल पंप टाकीच्या तोंडाशी नाही. खालचा माणूस पडला तर वरच्याने उडी मारायची नाही, दोरीने ओढायचं आणि १०१ किंवा १०८ लावायचा.

शल्यकक्ष
पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने दूषित पाणी जेटने उडतं, डोळ्यांतून आणि पायाच्या भेगांतून लेप्टोस्पायरोसिस होतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईत तो किती पसरला होता ते डॉक्टरांना आठवत असेल. बेसमेंट आणि कचराकुंडीच्या जागा धुणाऱ्यांच्या जखमा वॉटरप्रूफ पट्टीने झाकलेल्या हव्यात. काम झाल्यावर साबणाने आंघोळ. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल, एवढं दिसलं तर डॉक्टरला "मी गटाराच्या पाण्यात काम करतो" हे आधी सांगायचं. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टर ठरवतील.

उन्हाळ्यात रेनकोट आणि मास्क घालून विदर्भात दुपारी काम म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. सकाळी ६ ते ११, नंतर संध्याकाळी. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर सावली, अंगावर पाणी, वारा, आणि लगेच रुग्णालय.

घाटमाथा
डॉक्टर, परदेशात जेटिंगवाले खिशात एक कार्ड ठेवतात, इजा झाली तर डॉक्टरला दाखवायला. आपल्या टोळ्यांसाठी मजकूर द्याल का?

शल्यकक्ष
हा घ्या. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी छापा, कारण कॅज्युअल्टीतला डॉक्टर कुठलाही असू शकतो.

"या व्यक्तीला उच्चदाबाच्या पाण्याच्या जेटने इजा झाली आहे किंवा झाल्याचा संशय आहे. मशीनचा दाब: ___ बार. पाण्यात मिसळलेलं रसायन: ___. पाणी कुठलं: स्वच्छ / गटार / साचलेलं. इजेची वेळ: ___. जखम बाहेरून लहान दिसली तरी आत खोलवर द्रव व घाण शिरलेली असू शकते. कृपया हाताच्या किंवा प्लास्टिक सर्जनचं मत तातडीने घ्यावं. एक्स-रेमध्ये ऊतींत हवा दिसते का पाहावं. बोटात भुलेचं इंजेक्शन देऊन दाब वाढवू नये. दूषित पाण्यामुळे नेहमीपेक्षा वेगळे जंतू असू शकतात, त्यानुसार कल्चर व प्रतिजैविकं ठरवावीत."

जेटफिटर
यात मुकादमाचा आणि घरच्यांचा फोन नंबर घाला. दाबाचा रकाना मशीनच्या प्लेटवरून आधीच भरून ठेवा, त्या घाईत कोणाला आठवत नाही. रसायनाचा रकाना पेन्सिलने, कॅन बदलला की खोडून नवीन. लॅमिनेट केलं तर त्यावर पेन्सिल चालत नाही, म्हणून झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून वरच्या खिशात ठेवा, एक प्रत मशीनच्या हँडलला बांधा.

मुळामुठा
छापून घेतो. आमच्या तिन्ही टोळ्यांच्या पाव इंची होस या आठवड्यात बदलतो, आणि दोन सीओ मीटर.

वायरमन_तळेगाव
मीटर घेताना सेन्सरची मुदत बघा, बहुतेकांची दोन-तीन वर्षं असते. जुना स्वस्तात मिळाला तर शून्य दाखवत बसेल.